बंदूक चकचकीत करू नका, काळीच राहू द्या

शेतकरी बंधूंनो, भाताच्या लोंब्यांत दाणा भरू लागला, की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दोन वस्तू हमखास माळ्यावरून खाली येतात. एक विळा आणि दुसरी, ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांची, पीक संरक्षणाची बंदूक. चार महिने पाऊस खाल्लेल्या या दोन्ही वस्तू एकाच रंगाच्या झालेल्या असतात. तो रंग म्हणजे तांबडा. मग विळ्याला दगड लागतो आणि बंदुकीला पॉलिश पेपर. विळ्याचे ते बरोबर आहे. बंदुकीचे मात्र साफ चुकते. कसे चुकते, ते आज सांगायचे आहे.

मागे एका गावात शेतीशाळेसाठी गेलो होतो. भातावरच्या निळ्या भुंगेऱ्याची चर्चा संपली आणि एका जाणत्या शेतकऱ्याने मला घरी चहाला नेले. चहा होईपर्यंत आतून ठासणीची बंदूक घेऊन आला. म्हणाला, "साहेब, बघा, नवीकोरी केली का नाय?" खरोखरच नळी चांदीसारखी लखलखत होती. वडिलांच्या वेळची बंदूक, नळीवरचा रंग पार उडालेला, जागोजागी गंज. पठ्ठ्याने दोन दिवस बसून पॉलिश पेपरने सगळी नळी घासून काढली होती. मी सहज विचारले, "नंबर कुठे आहे?" त्याने दस्त्याजवळची बाजू उजेडात धरली. परवान्यावर पाच आकडे लिहिलेले होते. नळीवर शेवटचे दोनच वाचता येत होते. बाकीचे तीन पॉलिश पेपरने खाल्ले होते.

चहा तसाच राहिला. त्याला त्याच दिवशी परवाना आणि अर्ज घेऊन स्वतःहून पोलीस ठाण्यात जायला सांगितले. तो गेला हे चांगले झाले. पण बंदूक तपासणीसाठी अडकली ती अडकलीच. त्या हंगामात त्याचे नदीकडचे दोन कुणगे रानडुकरांनी लोळवले. पाच-पंचवीस रुपयांच्या पॉलिश पेपरची ही किंमत!

तव्याचे उदाहरण घ्या

मुळात बंदुकीची नळी काळी किंवा निळसर काळी का असते? शोभेसाठी नव्हे. हे समजायला घरातला भाकरीचा लोखंडी तवा बघा. वर्षानुवर्षे वापरलेला काळाकुळीत तवा सहसा गंजत नाही. तोच तवा एखाद्या नव्या सुनेने हौसेने राख लावून पांढरा होईपर्यंत घासला आणि ओला ठेवला, की सकाळी तांबडा झालेला दिसतो. त्याची काळी कातडी निघून गेली, म्हणून हे झाले. तव्याची ही कातडी जळालेल्या तेलाची आणि लोखंडाच्या काळ्या थराची असते.

लोखंडाला हवेतला प्राणवायू आणि पाणी मिळाले, की गंज धरतो. गंज दोन जातींचा समजा. तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो फुगतो, पापुद्रे धरतो, पाणी शोषून ठेवतो आणि खालचे लोखंड आणखी खात जातो. काळा गंज हाही लोखंडाचाच प्राणवायूशी झालेला संयोग. पण तो दाट असतो आणि लोखंडाला घट्ट चिकटून राहतो. आपल्याकडच्या लोहचुंबकीय खनिजात असते तेच हे द्रव्य. बंदुकीवर मुद्दाम हा काळा थर चढवतात. त्यालाच कारागीर 'ब्लूइंग' म्हणतात, कारण चांगल्या गुळगुळीत पोलादावर तो निळसर झाक मारतो.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा थर अतिशय पातळ असतो. एकट्याने तो गंज थोपवू शकत नाही. त्याचे खरे काम म्हणजे तेल धरून ठेवणे. गुळगुळीत चकचकीत पोलादावरून तेल लवकर पुसले जाते. काळ्या थरात ते मुरून राहते. म्हणजे रंग आणि तेल ही बैलजोडी आहे. एक बैल सोडला तर दुसरा एकटा नांगर ओढणार नाही.

त्यातून आपली हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात आणि किनाऱ्याकडच्या गावांना खारे वारे बारमाही. मिठाने गंजाचा वेग वाढतो. आपल्या बोटांच्या घामातही मीठ असते. नळीवर बोटांचे ठसे जसेच्या तसे गंजून उठलेले तुम्ही पाहिले असतील.

कारागीर रंग चढवतो तरी कसा?

रंग चढवण्याच्या मुख्य चार रीती आहेत. त्या माहीत असाव्यात, म्हणजे कारागिराशी बोलताना आपण कोरे राहणार नाही आणि घरी करण्याचा मोहही होणार नाही.

पहिली रीत जुनी आणि सावकाशीची. नळी स्वच्छ करून, तेलाचा अंशही न ठेवता, तिच्यावर सौम्य आम्लाचे पाणी फिरवतात आणि दमट जागी ठेवून मुद्दाम बारीक तांबडा गंज आणतात. मग नळी उकळत्या पाण्यात ठेवतात. तांबड्याचे काळे होते. वरची सुटी भुकटी बारीक तारेने हलकेच झाडतात. पुन्हा आम्ल, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. असे पाच-सात वेळा केले म्हणजे पक्का काळा रंग येतो. न उकळता तसाच ठेवला तर तपकिरी रंग येतो. जुन्या ठासणीच्या बंदुका तपकिरी दिसतात त्या यामुळे. गंमत बघा, कोरड्या मुलुखातल्या कारागिराला या कामासाठी दमट पेटी करावी लागते. आपल्याकडे श्रावणातली पडवी पुरेल! तरीपण श्रावणातला आपोआप धरलेला गंज आणि कारागिराने मोजून आणलेला गंज यात फरक आहे. तो वेळेवर थांबवतो, आपल्याला थांबवता येत नाही.

दुसरी रीत कारखान्याची. कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या जातीचा क्षार यांचे दाट पाणी १४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळवून त्यात भाग बुडवतात. रंग झटपट आणि एकसारखा येतो. पण हे पाणी साध्या उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी भयंकर. त्यात चुकून थंड पाणी सांडले तर ते उसळून अंगावर येते. डोळ्यात गेले तर दृष्टी जाते. ॲल्युमिनियमचा टोप वापरला तर कॉस्टिक तो खाऊन टाकते आणि पेट घेणारा वायू निघतो. आणि ही रीत दुनळी बंदुकीला चालतच नाही, कारण दोन नळ्या जोडणारे कथलाचे डाक त्यात सुटतात.

तिसरी रीत बाटलीतल्या थंड रंगाची. बोळ्याने लावला, की लगेच काळे होते. यातल्या बहुतेक औषधांत सेलेनियमचे विषारी क्षार असतात. ती उघड्या हाताने लावणे, स्वयंपाकघरात ठेवणे हे सर्व घातक. शिवाय हा थर टिकाऊ नसतो. चार वेळा हाताळली की उडतो.

चौथी रीत आपल्या लोहाराला तोंडपाठ आहे. घासलेले पोलाद तापवले, की २२० अंशांच्या सुमारास पिवळी झाक येते, मग जांभळी आणि ३०० च्या सुमारास निळी. छिन्नीला, पहारेला पाणी देताना तो हेच रंग बघतो. पण म्हणून नळी भट्टीत घालू नका. डाक सुटतील, आणि घोड्याच्या व चापाच्या स्प्रिंगांचे पाणी उतरले तर घोडा धरून राहणार नाही. भरलेल्या बंदुकीचा घोडा धरला नाही तर काय होईल, ते सांगायला नको.

परदेशात लष्कराने विकून टाकलेली जुनी पिस्तुले हौशी लोक घरी आणून घासतात आणि निळी करतात. आपल्याकडेही एखाद्या माजी सैनिकाकडे परवान्याचे जुने रिव्हॉल्वर असते आणि त्याचा रंग म्यानात घासून उडालेला असतो. त्यांनाही हेच सांगणे आहे. परदेशातला कायदा वेगळा, आपला वेगळा.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे ही परवान्याची कामे आहेत. तुमच्याकडचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. पुसणे, धुणे, तेल देणे ही निगा झाली, ती तुमचीच जबाबदारी. पण नळी घासून काढणे, रंग चढवणे, निपल बदलणे, स्प्रिंग बसवणे हे दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावे. गावच्या लोहाराला भरीस घालू नये. तुमच्याबरोबर तोही अडचणीत येईल.

दुसरे कलम ८. बंदुकीवरचे नाव, नंबर किंवा खूण पुसणे, बदलणे हा गुन्हा आहे. इतकेच नव्हे, तर ज्याच्या ताब्यात नंबर पुसलेली बंदूक सापडेल त्यानेच तो पुसला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा बोजा तुमच्यावर. "गंज काढत होतो हो" एवढ्याने भागत नाही. म्हणून कारागिराकडे देतानासुद्धा नंबर स्पष्ट वाचता येतो याची खात्री करा, परवान्याशी ताडून पाहा आणि पावतीवर तो लिहून घ्या.

तुम्हाला स्वतःला जाणे जमत नसेल, तर दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी दुसऱ्या माणसाला बंदूक नेता येते. पण त्याच्याकडे तुमचे लेखी अधिकारपत्र हवे. तोंडी निरोपावर भाच्याला एस.टी.त बसवून देऊ नका. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. मुदत लांबली, की विसरही लांबतो. तारीख कॅलेंडरवर नव्हे, परवान्याच्या पाकिटावरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

घरी काय करावे?

घरी करायचे काम साधे आहे. मात्र क्रम चुकवू नये.

१) आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. टोपी काढलेली आहे का पाहा. मग गज नळीत अलगद सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. गज जवळजवळ निपलपर्यंत पोचला पाहिजे. तीन-चार बोटे अलीकडेच अडला, तर आत बार आहे असेच समजा. गेल्या वर्षीचा बार आत तसाच राहिलेला असू शकतो. तो स्वतः उकरू नका, तापवू नका. बंदूक सुरक्षित ठेवून कारागिराला कळवा. गज टाकताना तोंड नळीसमोर धरू नये, हे सांगायची पाळी येऊ नये.

२) ठासणीची बंदूक पाण्याने धुवावी. हे ऐकून पुष्कळजण चमकतात. पण काळ्या दारूची राख क्षारयुक्त असते, ती हवेतले पाणी ओढून घेते. जुन्या धर्तीच्या टोप्यांतूनही मिठासारखा क्षार नळीत उरतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, रॉकेलमध्येही नाहीत. ते पाण्यातच विरघळतात. नुसते तेल ओतले तर तेलाखाली नळी खुशाल गंजत राहते. म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी कडकडीत गरम पाणी नळीतून फिरवावे, गजाला चिंधी लावून राख काढावी. दस्त्यात आणि घोड्याच्या यंत्रात पाणी जाऊ देऊ नये. काडतुसी बंदुकीला सहसा पाण्याची गरज नसते. तिला मागच्या बाजूने चिंधी आणि पितळी ब्रश पुरतो.

३) चिंधी कोरडी येईपर्यंत पुसावे. गरम पाण्याने नळी तापलेली असते, त्यामुळे ती लवकर सुकते.

४) मग शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात आतून-बाहेरून द्यावा. थेंब ओघळता कामा नये. खोबरेल घरचे असले तरी बंदुकीला नको. ते खवट झाले की त्यात आम्ल तयार होते. रॉकेल मळ काढते, पण उडून जाते आणि लोखंड उघडे पडते. बार भरण्यापूर्वी मात्र आतले तेल कोरड्या चिंधीने टिपून काढावे, नाहीतर दारू भिजते.

५) बाहेर गंजाचा डाग दिसला, तर त्यावर तेल लावून एक दिवस मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी जाड सुती फडक्याने चोळावे. तरी निघाला नाही तर तांब्याच्या पट्टीच्या कडेने हळू खरवडावे. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो, काळा थर बराचसा वाचतो. पॉलिश पेपर, कानस, तारेची घासणी नको. नंबराच्या जागेवर तर फडक्याशिवाय काहीच नको.

६) नळीला आतून खोल खड्डे पडलेले दिसले, कुठे फुगवटा आला असेल किंवा बारीक चीर दिसली, तर ती बंदूक वापरू नका. वरून कितीही सुंदर रंग चढवला तरी आतली चीर बुजत नाही. उलट रंगामुळे ती दिसेनाशी होते. रंग हा दागिना आहे, दुरुस्ती नाही.

ठेवताना चामड्याच्या किंवा गोधडीच्या म्यानात गुंडाळून ठेवू नका, ते ओल धरते. कुलूप असलेल्या कोरड्या लाकडी कपाटात, भिंतीला न टेकवता ठेवावी. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले की उन्हात किंवा मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतात. दारू, टोप्या वेगळ्या जागी, मुलांच्या हाताला न लागतील अशा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एकदा फडके फिरवावे. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर देताना आतून-बाहेरून तेल द्या आणि पावती घ्या. परत आणल्या दिवशीच पुन्हा पुसा.

हौस कोयतीवर भागवा

काळा रंग चढवण्याची हौसच असेल, तर ती कोयती, विळा, कुदळ यांवर जरूर भागवा. इथे कायदा आड येत नाही. कच्चे केळफूल किंवा आवळा चिरल्यावर विळी काळी पडते, हे घरातल्या बायकांना विचारा. फळातले तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काळा रंग होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. आपल्या सह्याद्रीत मिळणाऱ्या हिरड्यात हे द्रव्य भरपूर असते. मूठभर हिरड्याची भरड तांब्याभर पाण्यात उकळून गाळून घ्यावी. अवजाराचा सुटा गंज तारेने झाडून, साबणाने तेलकटपणा काढून, हे पाणी ब्रशने लावावे. वाळू द्यावे, दोन-तीन हात द्यावेत. तांबूसपणा जाऊन काळसर झाक येते. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल वाळून पापुद्रा धरते. धारेची बाजू मात्र दगडाला लावून मोकळी ठेवावी. झेल्याच्या पात्याला, आकडीत अडकवायच्या कोयतीला हा उपाय पावसाळ्यापूर्वी केला, तर आश्विनात दगड कमी झिजेल. तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून माळ्यावर टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशी चिंधी आपोआप पेटल्याचे प्रकार घडतात.

पोलीस पाटील आणि सरपंचांना दोन शब्द

गावात अनेक घरांत आजोबांच्या नावाची बंदूक असते. आजोबा कधीच गेले, परवाना तसाच. ती माळ्यावर गंजतेय म्हणून नातू ती खाली काढतो आणि घासायला बसतो. परवानाधारक वारल्यावर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा कायद्याने नेमलेल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. तिथे ती ठेवून वारसाने आपल्या नावावर परवान्यासाठी अर्ज करावा. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी नाही असे अधिकाऱ्याचे मत झाले तर साध्या नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही विचार होतो. ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय काढला आणि अशा घरांना समजावून सांगितले, तर पुढचा मनस्ताप वाचेल.

आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर पिकाचा कितीही शत्रू असला तरी तो वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतो. त्याला मारण्यापूर्वी वनखात्याची परवानगी लागते. नुकसान झाले तर पंचनामा वेळेत करून घ्या, भरपाईचा अर्ज द्या.

त्या शेतकऱ्याची बंदूक पुढे पावसाळ्याच्या तोंडावर सुटली. आता ती काळी नाही, चांदीसारखीही नाही. मधल्याच कुठल्यातरी रंगाची आहे, पण तेलाने ओलसर असते. परवा भेटला तेव्हा खिशातून परवाना काढून म्हणाला, "साहेब, आता पहिला नंबर बघतो, मग बंदूक बघतो." बंधूंनो, तुम्हीही तसेच करा. राखणीच्या माळ्यावर बसायला अजून आठवडा आहे. आजच संध्याकाळी बंदूक उजेडात आणा, रिकामी आहे का पाहा, नंबर वाचा आणि फडके हातात घ्या. पॉलिश पेपर सुताराला देऊन टाका.